रविवारचा उजेड

सिनेमाला स्वतःचं असं काहीच नसतं, हे चित्रकला शिकवणाऱ्या श्रीकृष्ण मास्तरांचं मत यवतमाळात बऱ्याच जणांना पाठ होतं, कारण मास्तरांनी ते एकतीस वर्षं दर वर्गाला ऐकवलं होतं. चित्र चित्रकाराचं, गाणं गवयाचं, गोष्ट लेखकाची, नाच नाचणाऱ्याचा, घर गवंड्याचं आणि कपडे शिंप्याचे. सगळ्यांच्या डब्यांतलं थोडंथोडं घेऊन काला करायचा आणि मधे बसून म्हणायचं, बघा, स्वयंपाक मी केला. एवढं बोलून मास्तर खडू उचलायचे आणि फळ्यावर एका दमात गोल काढायचे, कंपासशिवाय. पोरं टाळ्या वाजवायची. मास्तरांना टाळ्या आवडायच्या, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

अशा माणसाचा मुलगा पुण्याला जाऊन सिनेमा शिकला. साकेतने तसं कळवलं तेव्हा मास्तरांनी तीन महिने अबोला धरला, आणि नंतर बोलले तेही कामापुरतं. मधे सुनीतीबाई होत्या म्हणून बापलेकाचं निभत गेलं. दोन वर्षांपूर्वी साधं दुखणं म्हणता म्हणता त्या गेल्या, आणि दारव्हा रोडवरच्या त्या घरात मास्तर एकटे उरले. धुणंभांडी करणाऱ्या बेबीताई सकाळी येऊन जायच्या, तेवढाच माणसाचा आवाज.

यंदा दिवाळीत साकेत आला आणि म्हणाला, आईवर एक छोटी फिल्म करायची आहे. मास्तरांनी चष्मा काढला, तोंड उघडलं, आता काल्याची गोष्ट येणार हे साकेतला कळलं, म्हणून त्याने घाईने पुढचं सांगितलं. फिल्ममधे दुसरं काही दाखवायचं नाही. फक्त बाबांनी काढलेली आईची चित्रं.

मास्तरांनी चष्मा परत घातला.

चित्रं ब्याण्णव होती. चौतीस वर्षांत मास्तरांनी सुनीतीबाईंना किती रविवार समोर बसवलं याचा हिशेब नाही, पण जपून ठेवण्याजोगी निघाली ती एवढी. पुढच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. तिथून साडेसात ते नऊ जो उजेड येतो, तेवढाच चित्राच्या कामाचा, असं मास्तरांचं म्हणणं. आठवडाभर शाळा, म्हणून रविवार. सुनीतीबाई खुर्चीवर बसायच्या, मास्तर पेन्सिल घ्यायचे. नियम एकच होता. हलायचं नाही, बोलायचं नाही, ओठ मिटलेले ठेवायचे. ओठ हलले की गाल हलतो, गाल हलला की सावली हलते, आणि सावली हलली की चित्र गेलं. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख. ही चित्रं कुठल्याच भिंतीवर लागली नव्हती. एकदा नागपूरच्या प्रदर्शनाला आठ पाठवली, ती आठच्या आठ परत आली. त्यानंतर मास्तर त्या विषयावर बोलले नाहीत, पण सल होताच.

मग काय, मास्तर कामाला लागले. त्यांनी स्वतः चित्रं निवडली, स्वतः झटकली. चित्र अर्धवट कापून दाखवायचं नाही, वरून भलतंसलतं संगीत ओतायचं नाही आणि आपलं नाव वाचता येईल एवढ्या अक्षरात यायला हवं, अशा तीन अटी घातल्या. साकेतने तिन्ही कबूल केल्या. संगीत आईचंच आहे, असं तो म्हणाला. स्वयंपाकघरातल्या फळीवर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आईच्या कॅसेटी सापडल्यात, त्या वापरेन.

मास्तरांना त्यात हरकत घेण्यासारखं काही वाटलं नाही. सुनीती गायची. म्हणजे लग्नाआधी अमरावतीला गुरुजींकडे शिकायची. लग्न करून यवतमाळला आल्यावर काही वर्षं तिने टेपरेकॉर्डरवर रियाज भरून कॅसेटी गुरुजींना पोस्टाने पाठवल्या. ते चुका लिहून परत धाडायचे. पुढे गुरुजी वारले. मुलं झाली, सासूबाईंचं आजारपण आलं. ‘संसारात तिचं गाणं सुटलं,’ असं मास्तर कुणी विचारलं तर सांगायचे. सांगताना थोडं वाईटही वाटायचं त्यांना. खोटं कशाला बोला.

डिसेंबरात एका रविवारी सकाळी अकराला वाचनालयाच्या वरच्या हॉलमधे फिल्म दाखवली. साठेक माणसं होती. शाळेतले जुने सहकारी, मास्तरांचे विद्यार्थी, गल्लीतली माणसं, बेबीताई. बाभुळगावहून वामनराव आले होते, तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. वामनरावांची तिन्ही पोरं मास्तरांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे घरोबा. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. खिडक्यांना काळे कागद लावले आणि पडदा उजळला.

पहिलं चित्र आलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षाचं, सुनीतीबाई चोवीसच्या. एवढ्या मोठ्या आकारात मास्तरांनी स्वतःची रेघ कधी पाहिली नव्हती. गालावरची छटा, केसांची बट, सगळं कसं जागच्या जागी. मागच्या रांगेत कुणीतरी ‘वा’ म्हणालं आणि मास्तरांची छाती भरून आली.

मग आवाज सुरू झाला. शब्द नव्हते, नुसता आलाप. आवाज तरुण होता, मोकळा होता, खालून सावकाश वर चढत होता. वर चढताना जिथं थांबेल असं वाटे तिथं थांबत नव्हता. मास्तरांनी तो ऐकला आणि पहिल्यांदा त्यांच्या मनात काय आलं असेल, तर हे कोण गातंय? कारण हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. ओळखीची सुनीती देवापुढे आरती म्हणायची, पोरांना निजवताना गुणगुणायची. ही कुणी दुसरीच बाई होती, आणि तिला फार मोठी जागा हवी होती.

पडद्यावर चोवीस वर्षांची सुनीती ओठ मिटून बसली होती आणि हॉलभर तिचा आवाज फिरत होता. आवाज पार वर पोचला. तेवढ्यात टेपमधे लांबून, अंगणातून यावी तशी हाक आली. ‘सुनीती, ये लवकर. उजेड जाईल.’

खट् असा आवाज झाला. टेप बंद. गाणं तिथंच तुटलं. हाक मास्तरांची होती.

दुसरं चित्र आलं. कोपऱ्यातली तारीख आधी जवळून दाखवली, मग शेजारी कॅसेटवरची चिठ्ठी. तीच तारीख, सुनीतीबाईंच्या तिरप्या अक्षरात. मग परत मिटलेले ओठ आणि त्यावर गाणं, यावेळी तानांचं, हसत हसत पळावं तसं. ते कुठं निघालंय हे कळायला लागलं तोच अंगणातून हाक. ये ना, उजेड जाईल. खट्.

तेव्हा मास्तरांच्या ध्यानात आलं. रविवारी सकाळी ते सायकल काढून दूध आणायला जायचे, जाताजाता माळावर चक्कर मारून साडेसातला परतायचे. शाळेची, डब्यांची घाई नाही आणि मास्तरही घरात नाहीत, असा आठवड्यातून तेवढाच एक तास असायचा. त्या तासात सुनीती टेप भरायची. मग ते यायचे, हाक मारायचे, ती टेप बंद करून खुर्चीवर येऊन बसायची आणि ते सांगायचे, ओठ मिट. ब्याण्णवपैकी एकोणीस चित्रांच्या तारखा कॅसेटींशी जुळल्या होत्या. साकेतने त्या एकोणीसही दाखवल्या. एकोणीस वेळा गाणं सुरू झालं आणि एकोणीस वेळा तुटलं. चित्रातली बाई चोवीसची पंचवीस, तिशीची, चाळिशीची होत गेली. गाणी तोकडी होत गेली. शेवटच्या कॅसेटमधे तिने नुसता सूर लावला, घसा खाकरला आणि हाक यायच्या आत स्वतःच टेप बंद केली. त्यानंतर बाकीची त्र्याहत्तर चित्रं आली, एकामागून एक, अजिबात आवाज न करता. ती संपायला खूप वेळ लागला. हॉलमधे कुणी हललं नाही.

काळे कागद काढले तेव्हा माणसं मास्तरांभोवती जमली. चित्रं फार सुंदर आहेत, असं सगळे म्हणाले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते कौतुक असं समोर येऊन उभं राहिलं आणि मास्तरांना कुणाकडे बघवेना. कुणीच त्यांना दोष देत नव्हतं, हे अधिकच वाईट. वामनराव मात्र सरळ माणूस. त्यांनी डोळे पुसले आणि मास्तरांचा हात धरून म्हणाले, ‘मास्तर, वैनी इतक्या गात होत्या? तीस वर्सं तुमच्या घरी चहा पेलो मी. तुमी कधी सांगतलं नाही.’

सांगायला त्यांना तरी कुठं माहीत होतं?

घरी आल्यावर मात्र ते साकेतवर तुटून पडले. तू मला चारचौघांत उघडं केलंस, खोटं रचलंस, मी तिला कधी गाऊ नको म्हणालो नाही, एकदाही नाही, बेबीताईंना विचार.

‘बाबा, मी काहीच रचलं नाही,’ साकेत म्हणाला. ‘चित्रं तुमची. आवाज आईचा. तारखा तुम्ही दोघांनी घातलेल्या. मी फक्त एकाशेजारी एक ठेवलं.’

‘शेजारी ठेवणं म्हणजेच बोलणं झालं ना.’

‘हो. मला दुसरं काय येतं?’

मग त्याने सांगितलं की तोही आईवर गोड फिल्म करायलाच बसला होता. चित्रं बघितली तेव्हा काही दिसलं नाही, कॅसेटी ऐकल्या तेव्हा काही कळलं नाही. अंगणातली ती हाक तर लहानपणापासून ऐकलेली, घरातली. दोन्ही एकत्र लावलं त्या दिवशी मशीन बंद करून तो दोन दिवस नुसता पडून होता. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल, असं तो म्हणाला. पुढच्या सोमवारी ही फिल्म बाहेरच्या एका महोत्सवाला पाठवायची होती. तुम्ही नको म्हणा, मी पाठवत नाही, पुसून टाकतो. हे तो मनापासून म्हणत होता. मास्तरांना ते दिसलं आणि त्यांचा राग जागच्या जागी बसला. राग होता तोवर बरं होतं, तो धरून उभं तरी राहता येत होतं.

ते रात्री जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, पुसू नको, आठ दिवस दे. मी एक चित्र काढतो. सुनीती गातेय असं. ते शेवटी लाव. ब्याण्णवांत एक तरी तसं असू दे. साकेत हो म्हणाला आणि पुण्याला गेला. येत्या सोमवारी सकाळी न्यायला येतो म्हणाला.

आणि मास्तर खिडकीशी बसले. त्यांना खरोखर वाटलं होतं की हे आपल्याला सहज जमेल. ज्या बाईचा चेहरा डोळे मिटूनही काढता येतो तिचं नुसतं तोंड उघडायचं, त्यात काय मोठं? कपाळ आलं, नाक आलं, डोळे आले, सुनीतीच होती. ओठ उघडले आणि ती जांभई द्यायला लागली. पुन्हा काढलं तर ओरडायला लागली. तिसऱ्यांदा रडायला लागली. दर वेळी चेहरा नव्याने काढायला नको म्हणून मास्तर आधीचा कागद खिडकीच्या काचेला लावत, त्यावर नवा धरून रेघा उतरवून घेत आणि फक्त तोंड बदलत. दोन दिवसांत अकरा कागद झाले. अकराही बायका अनोळखी. गाताना सुनीती कशी दिसायची हे त्यांना माहीत नव्हतं. आठवत नव्हतं असं नाही. माहीतच नव्हतं. चौतीस वर्षं जिच्याकडे टक लावून बघितलं, तिला गाताना त्यांनी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बेबीताईंना विचारलं. बावीस वर्षं त्या घरात भांडी घासणाऱ्या बाईला मास्तरांनी पहिल्यांदाच समोर बसायला सांगितलं, त्यामुळे ती आधी घाबरलीच. मग सांगायला लागली.

‘तुमची सायकल फाटकाच्या भाईर गेली का वैनी सुरू. पोया लाटता लाटता गायच्या. मी नळ बंद करो मंग, आयकू याव म्हनून. मायं मानूस गेलं त्या साली मी इथं भांडे घासाले नाही, आयकालेच येत होती.’

‘पण तोंड कसं दिसायचं त्यांचं? ओठ कसे असायचे?’

‘तोंड कोन पाह्यते मास्तर,’ बेबीताई म्हणाल्या. ‘आमी त आयकत होतो.’

मग मास्तरांनी नागपूरला लेकीला, अनघाला फोन लावला. फिल्म तिने मोबाइलवर बघितली होती आणि त्या दिवसापासून बापाशी काय बोलावं हे तिला कळत नव्हतं. प्रश्न ऐकून ती म्हणाली, वरच्या सुरांना आईचा खालचा जबडा डावीकडे सरकायचा. तोंड वाकडं व्हायचं तिचं. साकेत आणि मी लहानपणी तिची नक्कल करायचो. ती पण हसायची.

‘एकदा मी म्हटलं, आई, तू बाबांसमोर काहून गात नाही? तर म्हणाली, त्यांना ते वाकडं तोंड आवडत नाही. त्यांनी सांगितलंय सुधारायला, मला काही जमलं नाही. बाबा? आहात ना?’

मास्तर होते. त्यांना आठवलं होतं. लग्नाचं पहिलं वर्ष, दारव्ह्याला मावशीकडे हळदीकुंकू, बायकांनी आग्रह केला म्हणून सुनीती गायली. मास्तर पुरुषांबरोबर ओसरीवर होते, दारातून ती दिसत होती. म्हणजे बघितलं होतं, एकदा. परतताना जीपमधे माणसं दाटीवाटीने भरलेली, आणि ते तिच्या कानाशी म्हणाले, गाताना तुझा जबडा डावीकडे सरकतो, चेहऱ्याचा तोल जातो, आरशासमोर बसून सुधार. पोराच्या वहीत चुकलेली रेघ दाखवावी तितक्याच साधेपणाने. मदत म्हणूनच. गाणं कसं होतं हे ते बोलले नव्हते, कारण त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. सुनीती ‘बरं’ म्हणाली होती. गाऊ नको असं त्यांनी खरंच एकदाही म्हटलं नव्हतं. तशी गरजच कधी पडली नाही.

त्या दुपारी मास्तर इतके रडले की शेजारणीने फाटकातून हाक मारली.

पण आता निदान त्यांना कळलं होतं की काय काढायचं. जबडा डावीकडे, ओठांची उजवी बाजू ताणलेली. दुसऱ्या दिवशी साडेसातला उजेड आला आणि ते बसले. रेघ डावीकडे निघाली, थोडी वळली आणि हात आपोआप परत फिरला. कागदावर सरळ जबडा, देखणा, तोल सांभाळलेला. नवा कागद. जबडा थोडा सरकला, ओठ थोडे उघडले, क्षणभर वाटलं की आली, आणि पेन्सिलीने कड नीट करायला घेतली तशी ती गेली. मास्तर हाताला ओरडले. डाव्या हाताने काढून बघितलं, डोळे मिटून बघितलं, कॅसेट लावून बघितलं. कॅसेट लावली की हाक यायची आणि हात जागच्या जागी थांबायचा. आयुष्यभर त्या हाताला एकच गोष्ट शिकवली होती, चुकलेलं दुरुस्त करायची, आणि तो म्हातारपणीही आपलं काम चोख करत होता. काही कागदांवर तोंड उघडत जायचं, मग पुढच्या कागदावर आपसूक लहान व्हायचं, त्यापुढच्यावर मिटायचं. रविवारी नऊला उजेड सरला तेव्हा एकावर एक रचलेले त्रेपन्न कागद झाले होते. त्यांत सुनीती नव्हती.

सोमवारी सकाळी साकेत आला. मास्तरांनी त्याला चहा दिला आणि सांगितलं की जमलं नाही. फिल्म आहे तशी पाठव. माझं नाव राहू दे, मोठ्या अक्षरातच राहू दे, ते काढलंस तर लबाडी होईल. साकेतने तो गठ्ठा उचलला. कागद सगळे एका मापाचे, चेहरा सगळ्यांवर एकाच जागी. त्याने कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, डाव्या हातात गठ्ठा घट्ट धरला आणि उजव्या अंगठ्याखालून कागद भराभर सोडले. सिनेमावाल्याची सवय, दुसरं काही नाही.

सुनीतीचं तोंड हललं.

मास्तर खुर्चीवरून उठले. कागदांत ती जिवंत झाली होती. ओठ विलग होत होते, जबडा डावीकडे निघाला होता, उजवा गाल ताणला होता, हीच ती, दारव्ह्याच्या दारातून दिसलेली. आता आवाज येणार, इतकं तोंड उघडलं. आणि जबडा सरळ झाला, ओठ मिटले. परत उघडायला लागले, परत मिटले. त्रेपन्न कागदांत तिने सात वेळा तोंड उघडलं आणि सातही वेळा ते मिटलं गेलं, कसं मिटलं जातंय ते रेघेरेघेने दिसत होतं.

साकेत गठ्ठा खाली ठेवायला गेला, पण मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

‘परत दाखव,’ ते म्हणाले.

साकेतने परत दाखवलं. मास्तर पुढे वाकून बघत होते, डोळ्यांची पापणी न लववता. ओठ उघडले तसे त्यांचेही उघडले. शेवटचा कागद पडला. सुनीती ओठ मिटून, छान बसली होती.

‘परत,’ मास्तर म्हणाले.